चहा देणारी बाळंतीण

बाळंतिणीच्या घरी नर्स कशाला येते, हे मला अख्ख्या नोकरीत कुणाला पटवून देता आलं नाही. पोर झालं, नाळ कापली, आई-पोर सुखरूप घरी गेले. आता हिचं इथं काय काम, अशा नजरेनं डिलाईल रोडच्या चाळींनी माझं वर्षानुवर्षं स्वागत केलं. बऱ्याच जणींना वाटायचं की मी कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी बायका गोळा करत फिरते. एका सासूबाईंनी मला जिन्यात पाहिलं आणि सुनेला पोरासकट कपाटामागं उभं केलं. मला म्हणाल्या, "ती गावाक गेली." तेवढ्यात कपाटामागून पोर रडलं. मी विचारलं, "आणि हे?" तर म्हणाल्या, "ह्या शेजारणीचा." शेजारीण माझ्या शेजारीच उभी होती आणि सत्तरीची होती.

काम तसं साधं होतं. मी एका प्रसूतिगृहात नर्स होते आणि बाळंत होऊन घरी गेलेल्या बायकांना भेटी देणं माझ्याकडे होतं. खांद्याला पिशवी, पिशवीत स्प्रिंगचा काटा आणि थर्मामीटर. बाळाला झोळीत घालून काट्याला अडकवायचं, नाळ सुकली का बघायचं, डोळे पिवळे दिसतात का बघायचं. बाईला ताप आहे का, छातीत गाठी झाल्यात का, अंगावरून जास्त जातंय का, ते विचारायचं. पहिलटकरीण असली की मांडी घालून बसायचं, पोर छातीशी कसं धरायचं इथपासून सगळं सांगायचं. चौथी-पाचवी खेप असली तर बाई स्वतःच म्हणायची, "माझं काय बघताय सिस्टर, पुढं जा." मग आम्ही पुढं जायचो. सगळ्याच नर्सची ही रीत होती. अनुभवी बाईला कुणी शिकवायला जात नाही, आणि शिकवायचं नसलं की विचारायचंही राहून जातं.

माझं लग्न झालेलं नाही. गिरगावात खोताच्या वाडीजवळ भावाच्या बिऱ्हाडी राहायचे आणि सकाळी दुसऱ्यांची पोरं तोलायला बाहेर पडायचे. "तुम्हाला पोर नाही, तुम्हाला काय कळणार," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढं पुढं ते नमस्कारासारखं वाटायला लागलं. खरं सांगायचं तर त्यात तथ्य होतं का नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेल्यानंतरची ही हकिकत आहे. त्या दिवसांत आमच्याकडे एका वेगळ्या वयाच्या बायका यायला लागल्या. चाळिशी ओलांडलेल्या, पाळी गेली असं समजून निवांत बसलेल्या, आणि पोट दिसायला लागल्यावर पदर पुढं ओढून चोरासारख्या रांगेत उभ्या राहणाऱ्या. चाळीतले टवाळ त्या पोरांना संपाची पोरं म्हणायचे. मालक म्हणतात उत्पादन बंद आहे, कोण म्हणतो बंद आहे, असले विनोद नाक्यावर चालायचे. पुरुष हसायचे. बायका हसताना मी पाहिल्या नाहीत.

सुनंदा ही अशा रांगेतली नव्हती. ती विशीतली पोर, पहिलटकरीण, अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये दिलेली आणि पहिल्या बाळंतपणाला डिलाईल रोडला माहेरी आलेली. तिला मुलगी झाली. मी भेटीला गेले तेव्हा ती खाटेवर पडली होती, खाटेखाली शेगडी होती आणि खोलीत ओव्याच्या धुरीचा वास कोंडला होता. माहेरी बाळंतिणीची जशी ठेप असावी तशी होती. तिची आई, शालनताई, स्टोव्हपाशी उभी होती. बाप गिरणीत मागावर, साचेवाला होता. संप लांबल्यावर दोन्ही मुलांना घेऊन तो गावी शेतीवर गेला होता. मी सुनंदापाशी बसले, पोरीचं वजन केलं, सगळं समजावून सांगितलं. शालनताईंनी मला चहा दिला. गूळ घातलेला, कोरा. मी तो प्यायले आणि निघाले.

दुसऱ्या भेटीलाही असंच झालं. तिसऱ्या भेटीत मी पोरीला काट्याला अडकवत होते, तेव्हा कोपऱ्यातल्या लुगड्याच्या झोळीतून दुसरं पोर रडलं. मला कपाटवाल्या सासूबाई आठवल्या. म्हटलं, "हे शेजारणीचं का?"

सुनंदा खाली बघत म्हणाली, "नाही. माझा भाऊ आहे."

मी शालनताईंकडे बघितलं. त्या माझ्यासाठी चहाच गाळत होत्या.

मग हळूहळू उलगडलं. लेकीच्या पंधरा दिवस आधी आई बाळंत झाली होती. लाजेपोटी प्रसूतिगृहात आलीच नव्हती. चाळीतल्या सुईणीनं खोलीतच सोडवलं होतं. खोलीत खाट एकच. लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हा आई खाटेवरून उठली, चादर बदलली आणि लेकीला जागा करून दिली. ती उठली ती उठलीच. लेकीचं बाळंतपण करायला माहेरी आई असते. आईचं करायला तिची आई केव्हाच वारलेली, सासू नाही, सून अजून यायची. आणि मुळात चौथ्या खेपेच्या बाईचं काय करायचं असतं, असा सगळ्यांचा समज. डिंकाचे लाडू, मेथीची पेज, तेल, शेक, जे काही थोडंफार जमलं होतं ते खाटेवरच्या बाळंतिणीला मिळालं. उभी होती तिला कुणी बाळंतीण म्हणून मोजलंच नाही.

"दूध येतंय का तुम्हाला?" मी विचारलं.

"सुनंदा पाजते दोघांना," शालनताई म्हणाल्या.

"तुम्हाला येतंय का, असं विचारतेय मी."

त्यांनी थोडा विचार केला. कुणी दुसऱ्याच बाईबद्दल विचारावं तसा. मग म्हणाल्या, "बघितलं नाही."

इथून माझा जो गोंधळ सुरू झाला तो पुरता कधी संपला नाही. मी पोराला काट्याला अडकवलं. वजन बेताचं पण बरं होतं. शालनताईंना ताप नव्हता, सूज नव्हती. त्या रडत नव्हत्या. घरात काम तर इतकं करायच्या की डोळे दिपावेत. नातीला न्हाऊमाखू घालायच्या, तिची टाळू भरायच्या, नाक-डोळे रेखायच्या. शेजारच्याच झोळीत स्वतःचा मुलगा ओला पडलेला असायचा, त्याच्याकडे बघायच्याही नाहीत. मी म्हटलं, "ह्याला घ्या ना जरा." तेव्हा लगेच घेतलं. पण बाजारात कुणी पिशवी सांभाळायला दिल्यावर आपण जशी धरतो, तसं धरलं.

शेजारच्या इंदूकाकींचं मत ठाम होतं. "लाज वाटता तिका. ह्या वयार ह्या काय सुचला?" खालच्या मजल्यावरच्या बाईनं दृष्ट लागल्याचं सांगितलं. एक कोळीण चाळीत मासळी घेऊन यायची, ती म्हणाली की बाईच्या अंगात दूध नाही म्हणून माया नाही, मुशीचं कालवण घाला. आणि स्वतःजवळची एक मुशी सुनंदाच्या हातात ठेवून गेली. शालनताईंनी कालवण झकास केलं आणि सुनंदाला वाढलं. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी असेल. मला प्रत्येकीचं ऐकताना पटायचं. जिना उतरेपर्यंत कुणाचंच पटायचं नाही.

एका सकाळी मी चाळीत शिरले तर नळावर बायकांची गर्दी आणि हशा. नळाच्या कट्ट्यावर गोधडीत गुंडाळलेलं ते पोर होतं. शालनताई पाण्याला आल्या, पोराला कट्ट्यावर ठेवलं, हंडा-कळशी भरली आणि घेऊन वर गेल्या. पोर खालीच. पहिल्या मजल्यावरच्या एकीनं उचललं म्हणून बरं. "म्हातारपणी पोरं झाली की असंच व्हायचं," कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हसू. मी पोराला घेऊन वर गेले. शालनताई पाणी गाळत होत्या.

"विसरलात का?" मी जरा जोरातच विचारलं.

त्यांनी माझ्या हातातल्या पोराकडे बघितलं. "सिस्टर," त्या अगदी हळू म्हणाल्या, "माका कळना नाय. हे पोर मला ओळखीचं वाटत नाही. सुनंदाचंच असेल. दोन्ही तिचीच असतील."

मी घाबरले. हे स्पष्ट सांगते, कारण नर्स घाबरत नाही असा एक समज असतो. सुनंदा महिन्या-दीड महिन्यात सासरी जाणार होती. ती होती तोवर पोराला दूध होतं, लक्ष होतं. ती गेल्यावर त्या बंद खोलीत ही बाई आणि हे पोर दोघंच उरणार होते. त्यापुढचा विचार माझ्यानं करवेना.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना एका मोठ्या हॉस्पिटलात, मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. घरी कुणाला सांगितलं नाही. वेड्यांच्या डॉक्टरकडे नेली असं झालं असतं. लांबलचक रांगेनंतर नंबर लागला. डॉक्टर दमलेले होते पण माणूस सभ्य. झोप लागते का? लागते. भूक? लागते. रडू येतं? नाही. जिवाचं काही करावंसं वाटतं? नाही हो साहेब. शालनताई पदर नीट घेऊन, पाहुण्यांसमोर बसावं तशा बसल्या होत्या आणि प्रत्येक प्रश्नाला घरच्या अब्रूला शोभेल असं उत्तर देत होत्या. मी नळाची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं, त्या ओशाळून हसल्या आणि म्हणाल्या, "पाणी जाईल म्हणून घाई झाली." पाणी जाण्याची भीती डॉक्टरांनाही कळत असावी. लोहाच्या गोळ्या घेऊन आम्ही परत आलो. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. त्यांनी विचारायचं ते विचारलं होतं.

दोन्ही पोरांचं बारसं एकाच दिवशी करायचं ठरलं. बारशाचं आमंत्रण हा आमच्या नोकरीतला खरा बोनस, त्यामुळे मी घुगऱ्या खायला हजर होते. मामा भाचीहून पंधरा दिवसांनी मोठा म्हणून बायकांची थट्टा चालली होती. सुनंदाची सासू कुसुमबाई अँटॉप हिलहून आली होती. उंच, हाडापेरानं भक्कम, बोलणं तोडून टाकल्यासारखं. सुनंदा तिला वचकून असायची. नातीचं नाव झालं. मग मामाला पाळण्यात घातलं आणि बायकांनी विचारलं, "ह्याचं नाव काय?"

शालनताई म्हणाल्या, "ठेवा काहीही."

कुणीतरी सावरून घेतलं, ओटी भरून घेऊ म्हणालं. सुनंदाची ओटी भरली. मग कुसुमबाईनं ओंजळीत तांदूळ घेतले आणि विहिणीसमोर उभी राहिली. शालनताईंनी पदर पुढं केलाच नाही. हात तसेच खाली. तांदूळ सगळे जमिनीवर. मग त्या खाली बसल्या आणि एक एक दाणा वेचायला लागल्या. कुणी म्हणालं, "राहू दे गे." त्या थांबेनात. दिवसच तसे होते. सगळ्यांना वाटलं, तांदूळ वाया जातोय म्हणून जीव तुटतोय. मलाही तेच वाटलं.

कुसुमबाई बराच वेळ बघत उभी राहिली. मग सुनेला म्हणाली, "सामान बांध. आजच निघू. तुझ्या आईलापण घे, आणि ह्याला."

इंदूकाकींचा हात तोंडावर गेला. लेकीला मूल होईपर्यंत आमच्याकडे आईबाप तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. मूल झालं म्हणून पाण्याची सोय झाली खरी, पण विहिणीच्या घरी जाऊन बाळंतपण करून घ्यायचं, हे कुणी ऐकलं नव्हतं. शालनताईंनाही तेवढं भान होतं. "लोक काय म्हणतील?" त्या दाणे वेचता वेचता म्हणाल्या.

"माझ्या घरात लोक राहत नाहीत," कुसुमबाई म्हणाली.

अँटॉप हिल माझ्या हद्दीत येत नव्हतं. मी सुट्टीच्या दिवशी गेले. दोन खोल्यांचं क्वार्टर, मोरीत पाट, पाटावर शालनताई बसलेल्या. सुनंदाच्या लग्नात ह्याच शालनताईंनी कुसुमबाईचे पाय धुतले होते. मुलाकडच्या विहिणीचा मान असतो तो. आता ती मानाची विहीण लुगडं खोचून त्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळत होती. शालनताई डोळे मिटून बसल्या होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मी त्यांना प्रथमच रडताना बघत होते. मला वाटलं, बिघडतंय का सुधारतंय?

कुसुमबाईचे नियम होते. पोर शालनताईंजवळ ठेवायचं, पण त्यांना एकटीला पोराजवळ सोडायचं नाही. त्यांनी मागितल्याशिवाय मांडीवर द्यायचं नाही. माया नाही म्हणून कुणी बोलायचं नाही, आणि स्टोव्हला हात लावू द्यायचा नाही. दुपारी झोपायचं म्हणजे झोपायचं. पोराचं नावही तिनंच ठेवून टाकलं, उमेश.

मला सोडायला कुसुमबाई बस स्टॉपपर्यंत आली तेव्हा म्हणाली, "तेल लावताना बोलली ती. नळावर विसरली नव्हती. ठेवला होता. इतक्या बायका येतात, कुणीतरी बरी बाई उचलून नेईल, पोराचं भलं होईल, म्हणून."

मी विचारलं, "तुम्हाला हे सगळं कसं कळलं? असं करायचं म्हणून?"

"बस आली तुमची," ती म्हणाली. बस आली नव्हती. पुढंही मी एक-दोनदा विचारून बघितलं आणि दरवेळी असंच काहीतरी उत्तर मिळालं. कुसुमबाईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या कुठल्या बाळंतपणात काय झालं होतं, का काहीच झालं नव्हतं, मला माहीत नाही.

पावसाळा तिथं गेला, दिवाळी गेली. नवरा गावाहून परत आला, तेव्हा शालनताई उमेशला घेऊन डिलाईल रोडला गेल्या. संप कधी संपला ते कुणालाच नीट सांगता आलं नाही, तसंच त्यांचं हे जे काही होतं ते कधी संपलं, तेही नाही. नवऱ्याला गिरणीत परत घेतलं नाही. शालनताई पोळ्या लाटायच्या कामाला जायला लागल्या. रस्त्यात दिसल्या की हसायच्या.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आम्हाला एक प्रशिक्षण होतं. तरुण डॉक्टर होती, नीट समजावून सांगत होती. बाळंतपणानंतरचं नैराश्य, हा आजार आहे, औषध आहे, उशिरा पुन्हा आई झालेल्या बाईकडे आपलं लक्ष जात नाही, तिला सगळं येतं असं आपण धरून चालतो. मी ताठ बसले. म्हणजे ह्याला नाव होतं. पण ती लक्षणं सांगत गेली तसा माझा गोंधळ वाढत गेला. झोप न लागणं. एका खोलीत दोन तान्ही, झोप कुणाला लागणार होती? भूक न लागणं. त्या वर्षी भूक लागून उपयोग काय होता? पुढं सगळा अंधार दिसणं. तो तर अख्ख्या गिरणगावाला दिसत होता. मी उठून विचारलं, "आजार कुठला आणि दिवस वाईट आहेत ते कुठलं, हे वेगळं कसं करायचं?" ती पोरगी प्रामाणिक होती. म्हणाली, "कधीकधी नाही करता येत, सिस्टर. म्हणून तर विचारत राहायचं."

निवृत्तीनंतर मी मुद्दाम डिलाईल रोडला गेले. एवढ्या वर्षांनी माझ्याकडे उत्तर होतं आणि ते पोचवल्याशिवाय मला चैन पडेना. शालनताई साठी ओलांडून गेलेल्या, तांदूळ निवडत दारात बसल्या होत्या. उमेश कुरिअर कंपनीत लागला होता, कामावर गेला होता. मी त्यांना सगळं सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, अनेकींना होतो म्हणून सांगितलं, तुमची माया आटली नव्हती म्हणून सांगितलं. त्या निवडता निवडता ऐकत होत्या.

"औषध होतं तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"असावं," मी म्हटलं. "आपण गेलो होतो तिथंच मिळालं असतं."

"मी सांगितलंच नाही त्यांना काही. काय सांगणार? माझंच मला कळत नव्हतं." सूप त्यांनी बाजूला ठेवलं. "मग बरी कधी झाले मी? तुम्हाला शिकवलं असेल ना."

"ते कसं शिकवतील? तुम्हाला कधी वाटलं, बरं झालं म्हणून?"

त्यांना फार विचार करावा लागला नाही. "आम्ही अँटॉप हिलहून इकडं आलो, त्यानंतर. मी भाकरी थापत होते. पाठीमागून तो म्हणाला, आई. पहिल्यांदाच. मी वळून मागं बघितलं, सुनंदा आली की काय म्हणून. दार तर लावलेलं होतं. खोलीत कुणी नव्हतं, तो आणि मी. तो परत म्हणाला."

"मग?"

"मग काय," शालनताई म्हणाल्या. "मीच ओ दिली."